सत्तावीस मिनिटांचा गोलकीपर

मार्लिसचा उजवा गुडघा तिसऱ्यांदा उघडून शिवल्यावर सॅस्काटूनच्या डॉक्टरनं तिला सांगितलं, "आता बर्फावर पाय ठेवायचा तो फक्त गाडीपर्यंत जाण्यापुरता." ते १९९९ साल होतं. मार्लिस, माझी बायको, तेव्हा एक्केचाळीस वर्षांची होती आणि त्यातली तीस वर्षं तिनं बर्फावरच्या हॉकीच्या गोलपुढं उभं राहून काढली होती. आधी भावांच्या अंगणात, मग आमच्या वॉट्रसच्या बायकांच्या संघात. मी त्याच गावच्या रिंकवर बर्फ तयार करायचं काम करतो. तिचं खेळणं सुटलं ते मी रोज डोळ्यांनी पाहत होतो, कारण ती यायची, काचेपलीकडं पाच मिनिटं उभी राहायची आणि निघून जायची.

ती शाळेची बस चालवते. सकाळची फेरी, दुपारची फेरी, आणि मधला वेळ मोकळा. तो मोकळा वेळ तिला खाऊ लागला. तिनं कपाटं धुतली, शेजारणीची कपाटं धुतली, माझ्या गॅरेजातले खिळे लांबीप्रमाणे लावून ठेवले. जेवताना खुर्चीत नीट बसेना. एका शनिवारी ती चर्चच्या जुन्या सामानाच्या विक्रीतून हॉकी कार्डांनी भरलेली एक पेटी घेऊन आली. टेबलावर ओतली, त्यातले गोलकीपर तेवढे बाजूला काढले आणि बाकीची सगळी कार्डं परत पेटीत कोंबून माझ्याकडं ढकलली.

"ही कुणाला तरी देऊन टाक."

"आणि ही?"

"हे सगळे जमवणार मी."

"सगळे म्हणजे?"

"मोठ्या लीगमध्ये गोलपुढं उभा राहिलेला प्रत्येक माणूस. एक मिनिट उभा राहिला असेल तरी."

"किती आहेत असे?"

"कुणास ठाऊक. मोजल्याशिवाय कळणार कसं?"

"आणि दर वर्षी नवे येतात त्यांचं काय?"

"येऊ देत की. मी काय कुठं चाललेय?"

मला वाटलं, हिवाळा संपेपर्यंत टिकेल. मी तिला ओळखत नव्हतो असंच म्हणायचं.

तिचे नियम साधे होते. एका माणसाचं एकच कार्ड. ज्याचं कार्ड कधी छापलंच गेलं नाही त्याचा फोटो मिळवायचा, कार्डाच्या मापाचा कापायचा आणि त्यावर त्या माणसाची सही घ्यायची. तो गेला असेल तर घरच्यांकडून त्याची जुनी सही मागायची. आणि छापलं न गेलेले बरेच होते. जुन्या काळी संघ एकच गोलकीपर घेऊन फिरायचे. त्याला लागलं तर यजमान गावानं एक राखीव माणूस प्रेक्षकांत बसवून ठेवलेला असायचा, कुणी दूधवाला, कुणी न्हावी, कुणी कारखान्यातला पोरगा. जेवण आणि फुकट जागा एवढ्यावर तो महिनोन्‌महिने बसून राहायचा. मग एखाद्या रात्री त्याला खाली बोलावणं यायचं, अर्धा तास तो जगातल्या सगळ्यात मोठ्या खेळाडूंसमोर उभा राहायचा आणि दुसऱ्या दिवशी दुधाच्या गाडीवर परत. मार्लिसचा जीव या माणसांत अडकला होता.

एकोणीस वर्षं आमच्या घरात हेच चाललं. पोस्टमन आला की ती चहा अर्धा टाकून उठायची. कार्डांच्या बाजारात दुकानदार तिला विचारायचे, "नवऱ्यासाठी घेताय का?" आणि ती माझ्याकडं बोट दाखवून म्हणायची, "त्याला काय कळतंय, तो पाणी गोठवतो." आमच्या लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाला आम्ही ऑन्टॅरिओत एका मेलेल्या गोलकीपरच्या पुतणीच्या घरी जेवलो. एखादं कार्ड मिळालं की ती तासभर खुश असायची. खरंच तासभरच. नंतर बोटं टेबलावर वाजायला लागायची आणि यादीतलं पुढचं नाव निघायचं. मी एकदा वैतागून म्हणालो, "अगं, एक दिवस तरी मिळालेल्याकडं बघत बस."

"मिळालेला कुठं पळतोय?" ती म्हणाली. "न मिळालेले मरताहेत, वेन्डेल."

२०१८च्या हिवाळ्यात जुन्यांपैकी चारच उरले होते. त्यातला एक होता ओ. हरासिम. फेब्रुवारी १९५६, सत्तावीस मिनिटं, एक गोल खाल्ला. बस्स, नोंदीत एवढंच. मार्लिस त्याला अमेरिकेत शोधत होती, आणि तो निघाला आमच्यापासून तीन तासांवर. कॅनोराजवळच्या एका गावाच्या रिंकमध्ये भिंतीवरच्या मानाच्या फळीवर त्याचं पूर्ण नाव होतं, ओरेस्ट हरासिम. कुणीतरी तिला कळवलं. तिनं पत्र टाकलं आणि मुलीचं उत्तर आलं. लोरेटा तिचं नाव. बाबा चौऱ्याऐंशी वर्षांचे आहेत, माझ्याजवळच राहतात, त्या सामन्याबद्दल फार बोलत नाहीत, लाजाळू आहेत, पण तुम्ही जरूर या, आम्हा सगळ्यांना त्यांचा फार अभिमान आहे. सोबत गावच्या संघातला त्यांचा एक फोटोही तिनं पाठवला होता, १९६१ सालचा.

त्याच आठवड्यात विन्झरच्या एका संग्राहकानं त्या जुन्या सामन्याच्या बातमीची छायाप्रत पाठवली. बातमीसोबत फोटो होता. गोलपुढं आडवा झालेला माणूस, चेहरा दुसऱ्याच्या पाठीमागं झाकलेला, झेल घ्यायचा हात हवेत. मार्लिसनं दोन्ही फोटो शेजारी ठेवले आणि तिचं बोट वाजायचं थांबलं.

"इकडं ये. कुठल्या हातानं झेल घेतोय हा?"

"उजव्या."

"आणि हा? एकसष्ट सालचा?"

"डाव्या."

"छापताना फोटो उलटा झालाय म्हणावं, तर सदऱ्यावरची अक्षरं सरळ आहेत."

"मग हात बदलला असेल."

तिनं माझ्याकडं असं पाहिलं, जणू मी म्हणालो होतो की माणूस डोकं बदलतो. "गोलकीपर हात बदलत नाही, वेन्डेल. तू बायको बदलशील एक वेळ."

जाईपर्यंतचे दहा दिवस तिनं मला नको नको केलं. बस चालवून आली की तो फोटो, भांडी घासता घासता तो फोटो. मी म्हणालो, फोन करून विचारून टाक. ती म्हणाली, फोनवर माणूस खोटं बोलतो. मी म्हणालो, समोरही बोलतो. ती म्हणाली, "समोर मला हात दिसतील."

उणे एकतीस तापमान होतं त्या दिवशी. गाडीचं इंजिन रात्रभर गरम ठेवणारी विजेची तार काढून आम्ही सकाळी निघालो. लोरेटा दारातच भेटली, पन्नाशी ओलांडलेली, मोठ्या आवाजाची, प्रेमळ बाई. तिनं आम्हाला कोट उतरवू दिले न दिले तोच पिरोगींची, बटाटा भरून उकडलेल्या करंज्यांची, परात पुढं केली. भिंतीवर वडिलांच्या सामन्याची बातमी चौकटीत होती, फोटोशिवाय, फक्त मजकूर. तिनं ती वाचूनही दाखवली, पाठ असूनसुद्धा. मग म्हणाली, "मला चर्चच्या हॉलमध्ये तासभर जायचंय, उद्याच्या जेवणाचं पीठ मळायला माणसं कमी आहेत. बाबा, पाहुण्यांना नीट सांगा हं सगळं. नेहमीसारखं 'होय-नाही' करू नका."

म्हातारा खिडकीशी बसला होता. उंच, वाळलेला, कोपरापर्यंत बाह्या चढवलेल्या. मार्लिसनं कापलेला फोटो काढला, पेन काढलं आणि त्याच्यासमोर ठेवलं. त्यानं पेन उचललं. डाव्या हातात. मी मार्लिसकडं पाहिलं. तिनं मान हलवली, म्हणजे लिहिण्याच्या हातावरून काही ठरत नाही. मग तिनं खिशातून एक चेंडू काढला, बसमधल्या मुलांपैकी कुणाचा तरी, आणि काही न बोलता तो म्हाताऱ्याकडं टाकला.

त्यानं पेन सोडून डाव्या हातानं झेलला. चौऱ्याऐंशी वर्षांचा हात, पण विजेसारखा.

"ओरेस्टकाका," मार्लिस म्हणाली, "वर्तमानपत्रातला माणूस उजव्या हातानं झेलतोय. मीही गोलकीपर होते. कोण आहे तो?"

म्हाताऱ्यानं चेंडू मुठीत दाबला. मला तिथून उठून जावंसं वाटत होतं.

"बासष्ट वर्षं," शेवटी तो म्हणाला, "कुणी हाताकडं बघितलं नाही."

तो सांगत गेला. तो आणि त्याचा धाकटा भाऊ मायरन, दोघं शेत सोडून विन्झरला गाड्यांच्या कारखान्यात कामाला गेले होते. ओरेस्ट नदीपलीकडच्या, अमेरिकेतल्या मोठ्या रिंकवर राखीव गोलकीपर म्हणून बसायचा. दोन वर्षं बसला. कधीच बोलावणं आलं नाही. त्या रात्री एका मुलीनं नाचायला यायला होकार दिला होता.

"मी मायरनला म्हणालो, तू जाऊन बस माझ्या जागेवर. फुकट सामना बघ. काही होत नसतं तिथं. आणि नेमकं त्याच दिवशी खेळातली चकती लागून त्यांच्या गोलकीपरचा गाल फाटला. माणूस वर आला, विचारलं, हरासिम का तू? मायरन म्हणाला, हो. खोटं कुठं होतं? हरासिम तर तोही होताच."

"मग पेपरात?"

"त्यांच्या यादीत माझं नाव होतं. तेच छापलं."

"आणि तुम्ही सांगितलं नाही," मार्लिस म्हणाली.

"सांगणार होतो, पोरी. सकाळी उठून सांगणारच होतो. पण सकाळी संघाचा माणूस घरी आला. म्हणाला, काल छान खेळलास, गुरुवारी सरावाला ये, प्रशिक्षकाला तुला बघायचंय." त्यानं चेंडू टेबलावर ठेवला, पण हात त्याच्यावरच राहिला. "मायरन दारात उभा होता. मी त्याच्याकडं बघितलं. तो काही बोलला नाही. तो तसाच होता, कमी बोलायचा. मी गेलो गुरुवारी. तासाभरात त्यांना कळलं की मी त्या रात्रीचा माणूस नाही. म्हणजे तोंडावरून नाही, आम्ही दिसायला सारखेच होतो, खेळावरून. म्हणाले, धन्यवाद, घरी जा."

"आणि मायरन?"

"त्याला कोण बोलावणार? त्याचं नावच कुठं नव्हतं."

दोघं पुढं गावाकडं परतले, शेजारी शेजारी शेती केली. मायरननंही बरीच वर्षं गावच्या संघात गोल सांभाळला. लोक ओरेस्टला बिअर पाजायचे, त्या सत्तावीस मिनिटांच्या गोष्टी विचारायचे, आणि मायरन त्याच टेबलाशी बसून ऐकायचा. कधी कधी ओरेस्ट काही विसरला तर तो हळूच आठवण करून द्यायचा, "दुसरा फटका डावीकडून आला होता ना तुझ्यावर?" १९७४च्या सुगीत कापणीच्या यंत्रावरच मायरनचं हृदय बंद पडलं. वय अडतीस. लग्न केलेलं नव्हतं.

"मुलीला माहीत आहे?" मी विचारलं.

"नाही." तो मार्लिसकडं वळला. "मी असेपर्यंत थांबा. मग काय करायचं ते करा. मला तिच्यासमोर ते जमायचं नाही."

त्यानं फोटोवर सही केली नाही. कोरा कागद मागितला आणि त्यावर डाव्या हातानं, मोठ्या अक्षरांत लिहिलं की त्या रात्री गोलपुढं मी नव्हतो, माझा भाऊ मायरन होता. खाली सही आणि तारीख. मग कपाटातून मायरनचा एक फोटो काढून दिला, गावच्या रिंकवरचा. झेलायचा हात उजवा. लोरेटा परतली तेव्हा आम्ही हवापाण्यावर बोलत होतो. तिनं विचारलं, "सांगितलं का नीट?" आणि म्हातारा म्हणाला, "होय."

परतीच्या वाटेवर मार्लिसनं मायरनचा फोटो मांडीवर धरून ठेवला होता. तीन तास.

नंतरचे महिने फार वाईट गेले. तिची यादी पुरी होत आली होती, एक नाव सोडून, आणि त्या नावाचं काय करायचं हे तिला ठाऊक होतं पण करता येत नव्हतं. ती वही उघडायची, मिटायची, अंगणात जाऊन बर्फ नसलेल्या जागी फावडं मारायची. एकदा मी चिडलो.

"अगं, एवढं काय? दोन्ही भावांचे फोटो लाव आणि मोकळी हो."

"एक खेळला आणि एक खेळला नाही. दोन्ही कसे लावू?"

"कोण येतंय तपासायला?"

"मी आहे ना."

ऑक्टोबरात ओरेस्ट हरासिम गेला. आम्ही अंत्यविधीला गेलो. शवपेटीवर त्या संघाचा सदरा अंथरलेला होता, नातवंडांनी विकत आणलेला. पाद्र्यानं सत्तावीस मिनिटांचा उल्लेख केला. मार्लिस माझ्या शेजारी बसून हातमोज्याचा अंगठा पिरगाळत होती.

तिनं नाताळ होऊ दिला आणि जानेवारीत एकटीच लोरेटाकडं गेली. मी म्हणालो होतो, सरळ लीगच्या नोंदी ठेवणाऱ्या माणसाला पत्र टाक, पुरावा आहे हातात. ती म्हणाली, "आधी पोरीला कळायला हवं. परक्याकडून नको." मी म्हणालो, "तू काय घरची आहेस?" तिनं गाडीची किल्ली उचलली.

काय झालं ते तिनं मला परतल्यावर सांगितलं, अंगातला कोट न काढता. लोरेटानं कागद वाचला, परत वाचला. मग म्हणाली, "वेड्या म्हाताऱ्याकडून काहीही लिहून घेतलंत." मार्लिसनं दोन्ही फोटो दाखवले. लोरेटानं ते पाहिलेच नाहीत. ओरडली, "तुम्हाला तुमची वही भरायचीय. माणसं म्हणजे तुम्हाला कार्डं वाटतात. माझ्या बापालाही गोळा केलंत ना? झालं समाधान?"

"तू काय म्हणालीस?"

"काही नाही. खरं बोलत होती ती थोडं." मार्लिस खुर्चीच्या पाठीला धरून उभी होती. "कागद तिथंच ठेवून आले."

"कुठला कागद?"

"त्यांनी लिहिलेला."

"एवढा एकच पुरावा होता तुझ्याकडं!"

"तिच्या बापाचं अक्षर आहे, वेन्डेल. मी घेऊन काय करू?"

मला वाटलं, आता संपलं. लोरेटा तो कागद चुलीत घालणार आणि मायरन हरासिम कायमचा शेतातच राहणार. मार्लिसनं मायरनचा फोटो वहीत लावला, सहीशिवाय, आणि तिचं समाधान झालं नाही. फोटोवाल्यांत सही नसलेला तो एकटाच होता. ती पुन्हा टेबल वाजवायला लागली. त्या वर्षी लीगमध्ये पाच नवे गोलकीपर आले, त्यांच्या मागं धावली, पाचही मिळवले आणि तरी तिचा पाय जमिनीवर ठरेना.

पुढच्या सप्टेंबरात सुगी संपता संपता एक जाड पाकीट आलं. आत मायरनचं कारखान्यातलं कामगार ओळखपत्र होतं, १९५५ सालचं, खाली त्याची सही. सोबत लोरेटाची चार ओळींची चिठ्ठी. काकाच्या जुन्या ट्रंकेत सापडलं. त्याच ट्रंकेत त्या सामन्याचं तिकीट होतं, ते मी ठेवून घेतलंय. बाबांचा कागद मी नोंदीवाल्यांना पाठवला आहे. आणि शेवटी, मी अजून तुमच्यावर रागावलेली आहे.

मार्लिसनं ती चिठ्ठी उभ्यानं वाचली आणि मग बसली. खरंच बसली, पाठ टेकून. मी चहा केला, तो तिनं पूर्ण प्यायला.

नोंद बदलायला आणखी आठ महिने लागले. आता तिथं एम. हरासिम आहे, सत्तावीस मिनिटं, एक गोल. लोरेटानं गावच्या रिंकमधली फळीही बदलायला लावली. म्हणे, काही जुन्या लोकांनी विरोध केला, तेव्हा तिनं त्यांना सगळ्यांसमोर झापलं. नंतर तिनं मार्लिसला फोन करून हे सांगितलं आणि मार्लिसनं फोनवर काय म्हटलं ते मला ऐकू आलं नाही, पण दोघी बराच वेळ बोलल्या. मधेच हसल्यासुद्धा.

मग ओरेस्टच्या फोटोचा प्रश्न उरला. तिनं सही घेण्यासाठी कापलेला तो एकसष्ट सालचा फोटो वहीत जाऊ शकत नव्हता. तो माणूस मोठ्या लीगमध्ये एक मिनिटही खेळला नव्हता, आणि नियम म्हणजे नियम. लोरेटाला परत पाठव, मी म्हणालो. तिच्याकडं मूळ आहे, ती म्हणाली. मग पेटीत टाक. त्यालाही ती तयार होईना. एके सकाळी मी तिची बस पुसायला गेलो तर समोरच्या उन्हाच्या झडपेत म्हातारा खोचलेला होता, तरुण, डावा हात वर.

"हे काय?"

"असू दे," ती किल्ली फिरवत म्हणाली. "उतर खाली, मला उशीर होतोय."